लिंपण

माझी आई पुरात बुडाली असं सगळे म्हणतात. मृतांच्या यादीतही तसंच आलं आहे. भेटायला येणाऱ्यांना मी दुरुस्त करत नाही, पण एकदा कुठेतरी लिहून ठेवायला हवं म्हणून लिहिते. आईच्या पावलांनाही पाणी लागलं नव्हतं. ती कोरड्या जमिनीवर गेली. चारी बाजूंना पाणी होतं आणि मध्ये एक उंचवटा, शाळेच्या मैदानाएवढा असेल. त्यावर तिचं घर, शेजाऱ्यांनी सोडून दिलेली घरं, एक गाभण म्हैस आणि पाणी चढू लागल्यावर जीव वाचवायला वर आलेले साप. उंचवटा शेवटपर्यंत कोरडा राहिला. यंत्राच्या नकाशात मात्र तिथे निळा रंग होता.

तो निळा रंग माझ्या नवऱ्याने भरला होता.

हे वाक्य खरं आहे आणि तरी त्याच्यावर अन्याय करणारं आहे. का, ते सांगायचं तर त्रिकोणांपासून सुरुवात करावी लागेल.

निरंजन मला भेटला तेव्हा मी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नुकतीच कामाला लागले होते. तो भूमितीची जुनी पुस्तकं शोधत यायचा. ती पुस्तकं वर्षानुवर्षं कुणी मागितलेली नव्हती, त्यामुळे तो माझ्या लक्षात राहिला. एकदा मी विचारलं की तुम्ही नक्की करता काय. त्याने रद्दीतलं वर्तमानपत्र ओढलं, त्यावर पेनने एक वेडीवाकडी बंद आकृती काढली आणि म्हणाला की ही तुम्हाला दिसते, संगणकाला दिसत नाही. चित्र रंगवणाऱ्या चिपला एकच आकार कळतो, तो म्हणजे त्रिकोण. तीन बिंदू कसेही ठेवले तरी त्यांच्यावर एक सपाट पत्रा नीट बसतो. त्याला पोक येत नाही, खळगा पडत नाही. चौथा बिंदू आला की भानगड सुरू होते. म्हणून पडद्यावरचा डोंगर असो, घोडा असो की कुणाचं नाक, आधी त्याचे त्रिकोण पाडावे लागतात. ते पाडणारे प्रोग्राम तो लिहीत असे.

मग त्याने माझी कात्री मागितली. आकृतीचा एक कोपरा घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंचे शेजारी कोपरे सरळ रेषेने जोडायचे. असा झालेला त्रिकोण पूर्णपणे आकृतीच्या आत असेल आणि त्यात दुसरा एकही कोपरा अडकलेला नसेल, तर तो आकृतीचा कान. कान कापायचा, बाजूला ठेवायचा, आणि उरलेल्या आकृतीचा पुढचा कान शोधायचा. आकृती कितीही वाकडी असली तरी तीनपेक्षा जास्त कोपरे आहेत तोवर तिला निदान दोन कान असतातच, हे सिद्ध झालेलं आहे, असं त्याने मला जरा अभिमानानेच सांगितलं, जणू सिद्ध त्यानेच केलं होतं. टेबलावर कानांचा ढीग झाला. शेवटी त्याच्या हातात एक त्रिकोण उरला.

"आणि आकृतीच्या मध्ये भोक असेल तर?" मी विचारलं.

त्याने कात्री खाली ठेवली. या प्रश्नामुळेच मी हिच्याशी लग्न केलं, असं तो नंतर लोकांना सांगायचा.

भोक असेल तर अडचण, तो म्हणाला. कान कापणारी पद्धत बाहेरच्या कडेकडेने चालते, आतलं भोक तिला दिसतच नाही. तिच्या लेखी तिथे कागदच असतो. म्हणून आधी बाहेरच्या कडेपासून भोकापर्यंत एक चीर द्यायची. तिला ते लोक पूल म्हणतात. कडेने चालत यायचं, पुलावरून आत जायचं, भोकाला उलटी फेरी घालायची आणि त्याच पुलावरून परत यायचं. पुलाला लांबी असते, रुंदी नसते. पण एवढं केलं की भोक आतलं राहत नाही, ते बाहेरच्या कडेचाच भाग होतं, आणि मग कान कापायला मोकळीक. फक्त पूल दुसऱ्या कुठल्याही कडेला छेदून जाता कामा नये, म्हणून प्रत्येक भोकासाठी जागा शोधावी लागते. भोकं दोन-चार असली तर काही वाटत नाही. हजारो असली की प्रोग्राम पूलच शोधत बसतो.

लग्नाआधी मी त्याला गावी घेऊन गेले. हिंगणडोह नदीच्या वळणावर आहे. आई तेव्हा दारात बसून धान्याच्या कणगीला उंदरांनी पाडलेली भोकं शेणामातीने बुजवत होती. हात भरलेले, त्यामुळे तिने कोपराने पदर सावरला आणि बसा म्हणाली. जावई काय करतात हे तिला समजून घ्यायचं होतं. निरंजनने शहरी मराठीत सांगितलं, आई, मी कान कापतो.

"कुणाचं?" आई म्हणाली. "आधीच सांगितलंत बरं झालं. डूल काढून ठेवती."

मग ती काय करते आहे असं त्याने विचारलं. लिंपण, ती म्हणाली. भोक बारीक असलं की लिंपून टाकायचं, मोठं झालं की कणगीच बदलावी लागते. निरंजनला शब्द आवडला. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला. संध्याकाळी आईने त्याला गाव दाखवलं आणि काळी-पांढरी समजावली. आमच्याकडे पिकाची जमीन ती काळी आणि गाव ज्या उंचवट्यावर बसलेलं असतं ती पांढरी. पिढ्यान् पिढ्या घरं पडतात, त्यांच्या मातीवर नवी उभी राहतात, त्या मातीचा रंग पांढरट होतो. "काळीत पाणी येतं," आई म्हणाली, "पांढरीला लागत न्हाई." लग्नात माझ्या धाकट्या भावाने, धैर्यशीलने, कानपिळीला निरंजनचा कान असा पिळला की तो लाल झाला, आणि अंगठी घेतल्याशिवाय सोडला नाही. कान कापणाऱ्याचा कान, म्हणून मांडवभर हसू झालं.

पुढे एक मोठा पूर आला, त्यात काळीतल्या सगळ्या वस्त्या गेल्या, आणि सरकारने हिंगणडोह उचलून वरच्या माळावर नेलं. पांढरीवरचे लोकही गेले, कारण शाळा, दवाखाना, एसटी सगळं तिकडे गेलं. धैर्यशीलने माळाच्या वाटेवर, उसाच्या कडेला घर बांधलं. आईने पांढरी सोडली नाही. कागदोपत्री ती माळावरच राहत होती. पावसाळ्यात मुलाकडे झोपायला यायची, एवढीच काय ती तडजोड.

त्याच पुरानंतर निरंजनच्या कंपनीला पूरदर्शी नावाच्या यंत्राचं काम मिळालं. कल्पना साधी होती आणि चांगली होती, हे मी आजही म्हणते. उपग्रहाचं रडार, ड्रोन आणि नदीकाठी रोवलेले शेकडो मापक यांच्याकडून पाण्याची कड सतत कळत राहते. ती कड म्हणजे लाखो कोपऱ्यांची एक आकृती. तिच्यातली कोरडी बेटं म्हणजे भोकं. आकृतीचे त्रिकोण पाडले की प्रत्येक त्रिकोणात पाणी किती खोल आहे, कुठे वाहतं आहे, तासाभराने कुठे असेल, हे काढता येतं, आणि चालकाशिवाय चालणाऱ्या बोटींना वाट दाखवता येते. फोनवर मदत मागणाऱ्यांशी यंत्रच बोलतं. कुणाला आधी काढायचं तेही यंत्रच ठरवतं.

अडचण भोकांची होती. पूर पसरला की झाडांचे शेंडे, घरांची छपरं, बांध, पुलांचे खांब, सगळी भोकं. एका जिल्ह्यात लाखभर. त्यांचे पूल शोधत बसलं की नकाशा यायला चाळीस मिनिटं लागत, आणि चढत्या पाण्यात चाळीस मिनिटांपूर्वीचा नकाशा म्हणजे कालचं वर्तमानपत्र. तेव्हा निरंजनने एक पायरी घातली. त्रिकोण पाडायच्या आधी, ठरावीक मापापेक्षा लहान भोकं बुजवून टाकायची. चाळीस मिनिटांची चार झाली. त्या पायरीला त्याने नाव दिलं, लिंपण.

फोन करून त्याने ते आईला कौतुकाने सांगितलं. माझ्या शेणामातीचं नाव दिलंत व्हय जावईबापू, मग चहा पाजा आता, असं ती म्हणाली होती. मी बाजूला उभी होते. मीही हसले होते.

आई गेली त्या वर्षी पाणी दुपारी चढलं. आई धैर्यशीलच्या घरी होती. म्हैस पांढरीवरच्या गोठ्यात बांधलेली, आज-उद्या विणारी. दावं सोडून येते, असं सुनेला सांगून आई गेली आणि मागे वाट बुडाली. धैर्यशील साखर कारखान्यावर कामाला. उसाच्या वाटेवरच्या त्याच्या घरात त्याची बायको आणि मुलगी सई, दोघीच. पाणी अंगणात आलं तेव्हा पूरदर्शीची बोट उसातून वाट काढत थेट दारात आली. बायकोला नीट पोहता येत नाही, सई तेव्हा बालवाडीत होती. बोट निघाल्यावर थोड्याच वेळात भिंत पडली.

धैर्यशील छावणीत पोहोचला आणि आई पांढरीवर आहे म्हणून सांगू लागला. छावणीतल्या माणसाने पडदा त्याच्याकडे फिरवला. हिंगणडोहावर निळा रंग, वीस फूट. "तिथं पाणी हाय दादा. म्हातारी काय पाण्यावर बसलीया व्हय?" तो बोलला त्यात दुष्टपणा नव्हता. त्याला पडदा दिसत होता. बोटी त्याच्या हातात नव्हत्याच, त्यांना वाट यंत्र देत होतं. मी पुण्याहून पुन्हा पुन्हा फोन लावत होते. आईच्या नावावरची मागणी पूर्ण झालेली आहे, असं मला सौम्य आवाजात सांगितलं जात होतं. निरंजन दोन दिवस कार्यालयातून घरी आला नव्हता. तो फोन घ्यायचा आणि बघतो म्हणायचा.

शेवटी धैर्यशीलने गुऱ्हाळावरची काहील पाण्यात सोडली, गूळ उकळायची ती मोठी लोखंडी कढई, आणि दोन मित्रांना घेऊन बांबूने रेटत पांढरीवर गेला. आई ओट्यावर आडवी होती, भिंतीकडे तोंड करून. पाय मांडीपर्यंत सुजून काळा पडलेला. घोणस चावली होती. म्हैस व्याली होती आणि रेडकू तिच्या पायांत उभं होतं. ओट्यावरची धूळ कोरडी होती, धैर्यशील मला म्हणाला. त्याने हे मला त्यानंतरही बऱ्याचदा सांगितलं. धूळ कोरडी होती आक्का.

आईच्या यंत्राशी झालेल्या दोन फोनची ध्वनिमुद्रणं निरंजननेच घरी आणली. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. मी ऐकत असताना तो समोरच्या खुर्चीवर बसून राहिला.

पहिल्या फोनमध्ये यंत्र विचारतं की आपण कुठे आहात.

"हिंगणडोहात. घरी हाय."

"आपला फोन दाखवत असलेल्या जागी पाणी आहे. आपण नक्की कुठे आहात?"

"पाणी खाली हाय बाळा, काळीत. मी पांढरीवर हाय."

"आपण पांढरीवर आहात. बरोबर?"

"व्हय. पायाला चावलंय. घोणस असंल, वैरणीत होती."

"औषध असलेली बोट पाठवत आहोत. कृपया जागेवरून हलू नका."

"न्हाई हलत. कुठं जाऊ?"

दुसऱ्या फोनमध्ये तिचा आवाज जड झाला होता. नाव आली न्हाई रे, ती म्हणाली. यंत्राने सांगितलं की बोट आपल्या ठिकाणी पोहोचून परतली आहे, तिथे कुणी आढळलं नाही.

"मी हितंच हाय की. पांढरीवरच हाय."

"आपली तक्रार नोंदवली आहे."

मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू येतो, आणि आई म्हणते, "बरं. तुझ्याबी मागं लई कामं असतील."

निरंजन म्हणाला की दोन चुका एकत्र आल्या. पांढरी त्या ठरावीक मापापेक्षा लहान भरली आणि लिंपली गेली, ही पहिली. पुरात टॉवर पडतात, फोनची जागा चुकीची दिसते, हे नेहमीचं. म्हणून फोन पाण्याच्या मध्यावर दिसला तर यंत्र फोनवर विश्वास ठेवत नाही, माणूस तोंडाने काय सांगतो त्यावर ठेवतं. तिने पांढरी सांगितलं. यंत्राने नकाशात शोधलं. नदीच्या वरच्या अंगाला पांढरीची वाडी म्हणून एक वस्ती आहे, चांगली उंचावर. बोट तिथे गेली. वाडीतल्या लोकांनी सांगितलं की आमच्याकडे कुणाला काही चावलेलं नाही.

"उंचवटा नकाशात कोरडा दिसला असता तर?"

"तर फोनवर विश्वास ठेवला असता. शब्दापर्यंत गोष्ट गेलीच नसती."

"म्हणजे लिंपण नसतं तर."

"लिंपण नसतं तर नकाशा चाळीस मिनिटांनी आला असता," तो म्हणाला. मला वाटलं, इथे तो गप्प बसेल तर बरं. "धैर्यशीलच्या घराकडे गेलेली बोट चार मिनिटांच्या नकाशावर गेली, रेणू. मी तपासलं. चाळीस मिनिटांपूर्वीच्या नकाशात ती वाट कोरडी होती."

हे मला का सांगतोस, मी विचारलं. तू विचारलंस म्हणून, तो म्हणाला. निरंजन खोटं बोलत नाही. त्याच्याशी भांडताना हीच अडचण असते.

मी त्याला एकच मागणी केली, त्या पायरीचं नाव बदल. त्याने लगेच हो म्हटलं आणि दोन दिवसांनी सांगितलं की बदलता येत नाही. प्रोग्राममध्ये शेकडो जागी तिला त्याच नावाने हाक मारली जाते. एक जागा सुटली तरी पावसाळ्यात मध्येच सगळं बंद पडेल. तो हे फार शांतपणे, माझ्याकडे बघून बोलला.

आईच्या तेराव्याला धैर्यशील निरंजनशी बोलला नाही. पान वाढलं, पाणी दिलं, पण बोलला नाही. पंगत उठल्यावर हात धुताना तेवढं एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "लग्नात कान जरा जोरात पिळायला पायजे होता दाजी. माझंच चुकलं." निरंजनने तांब्या खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

चौकशी समिती बसणार होती. पूरदर्शीमुळे झालेला म्हणून सिद्ध झालेला मृत्यू एकच होता, आईचा. बाकीचे होते की नव्हते, कोण जाणे. त्यांच्या घरात कुणी त्रिकोणवाला जावई नव्हता. कुटुंबाने आक्षेप कायम ठेवला तर यंत्र येत्या पावसाळ्यापुरतं बंद होणार, असं बोललं जात होतं. मी कायम ठेवणार होते. ते मी धैर्यशीलला गोठ्यात सांगितलं. तो रेडकाला पाजायला सोडत होता. माळावर त्याला पत्र्याची खोली मिळाली होती, म्हैस त्याने तिथेच आणली होती.

"बंद करू नको," तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"दाजीचं तोंड मी बघणार न्हाई, त्ये येगळं. पण यंत्र बंद करू नको आक्का."

"आई गेली धैर्या."

"आई गेली म्हणून सईला परत पाण्यात सोडू?" त्याने रेडकाचं तोंड आचळाला लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला की मी आक्षेप घेतला तर समितीसमोर तो माझ्याविरुद्ध बोलेल. त्याची बायको चुलीपाशी होती, तिने हातातलं काम थांबवलं नाही. सई बाहेर, मोडक्या घमेल्यात बाहुली बसवून ते ओढत अंगणभर फिरत होती. बोट, तिने मला सांगितलं.

समितीच्या आदल्या संध्याकाळी मी निरंजनला दुरुस्तीबद्दल विचारलं. कंपनीने एक दुरुस्ती मांडली होती. ज्या भोकात माणसांची वस्ती आहे ते कितीही लहान असलं तरी बुजवायचं नाही. वस्त्यांची यादी सरकारकडून घ्यायची.

"यादीत हिंगणडोहाची पांढरी आहे?"

"नाही. गाव माळावर आहे. पांढरी निर्जन लिहिली आहे."

"म्हणजे ही दुरुस्ती आधीच असती तरीही?"

"हो," निरंजन म्हणाला. "तरीही."

समितीच्या अध्यक्ष एक निवृत्त अभियंता बाई होत्या. त्यांनी माझ्याशी आदराने वागायचं ठरवलेलं दिसत होतं. पाणी दिलं, पंखा कमी करायला सांगितला. दुरुस्ती समजावून सांगितली आणि विचारलं की आता कुटुंबाचा आक्षेप राहतो का. धैर्यशील मागच्या रांगेत बसला होता, निरंजन दुसऱ्या टोकाला. ग्रंथालयात मेलेल्या माणसांची पुस्तकं भेट येतात. मुलं ती पोत्यात भरून आणतात आणि सगळी ठेवून घ्या म्हणतात. आपण त्यातली चार ठेवतो, बाकीची परत करतो, आणि परत करताना आवाज मऊ ठेवतो. बाईंचा आवाज तसाच होता.

मी म्हणाले, "ही दुरुस्ती असती तरी माझी आई वाचली नसती. माझा आक्षेप नाही."

बाईंनी मान वर केली. त्यांना काहीतरी विचारायचं होतं, पण दोन्ही वाक्यं एकाच माणसाची आहेत हे त्यांना जुळवता येईना. त्यांनी टंकलेखकाकडे पाहिलं. टंकलेखकाने दुसरं वाक्य घेतलं.

निरंजन आणि मी वेगळे झालो नाही. नातेवाईक अंदाज बांधत राहिले, पण झालो नाही. सकाळी चहा तोच करतो. मी बोलते ते तो ऐकून घेतो, तो बोलतो ते मी ऐकते, आणि दोघं एकाच रेषेवरून ये-जा करतो, तिला रुंदी नाही. त्याचा हात माझ्या खांद्यावर आला तर मी तो काढत नाही. तो आपणच थोड्या वेळाने काढून घेतो.

पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढलं. त्या दिवशी निरंजन घरून काम करत होता. त्याने मला हाक मारली आणि पडदा दाखवला. सगळीकडे निळं, त्यावर त्रिकोणांचं बारीक जाळं, आणि नदीच्या वळणावर एक पांढरा ठिपका. ठिपक्यापासून काठापर्यंत केसासारखी एक रेघ. पूल. यादीत नसतानाही हिंगणडोहाची पांढरी कधीच बुजवायची नाही, अशी एक ओळ त्याने कुणाला न विचारता घातली होती. आकार अचूक होता. पूर्वेकडे गोठा होता तिथे कोपरा बाहेर आलेला, ओढ्याकडे जरा चिमटलेला. मी बराच वेळ बघत राहिले. त्याला वाटलं असावं की मला बरं वाटतंय.

"तिथे आता कुणी राहत नाही," मी म्हणाले.

"माहीत आहे."

तितक्यात धैर्यशीलचा फोन आला. माळावर सगळे ठीक होते. त्याने पांढरीकडे बघितलं तेव्हा तिथे बोट लागलेली होती. चालक नाही, कुणी नाही, नुसता दिवा फिरवत पांढरीभोवती गेली. "आईच्या घरापाशी थांबली बघ जराशी," तो म्हणाला. "कुणी न्हाई बघून गेली." एवढं सांगून त्याने फोन ठेवला. आमच्याकडे पडद्याच्या कडेला ओळ उमटली, हिंगणडोह, तपासणी पूर्ण, कुणी आढळलं नाही.

मी त्या बाकीच्या निळ्याकडे बघत होते. केवढं सलग होतं ते. कुठे एक ठिगळ नाही.

"यात कोरडं किती आहे?" मी विचारलं. "आत्ता. माणसं असलेलं."

निरंजनने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला. तो खोटं बोलत नाही.

"कळलं असतं तर ते निळं नसतं, रेणू."

चार मिनिटं झाली होती. नवा नकाशा वरून खाली उतरू लागला.